घरी मिसळलेले वराहखाद्य: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

सावंतवाडी परिसरातील आमच्या लहान वराहगृहात लार्ज व्हाईट यॉर्कशायर जातीची जनावरे आहेत आणि विक्रीचा माल मुख्यतः गोव्याकडे जातो. वराहपालनाच्या एकूण खर्चात सुमारे ७० टक्के वाटा खाद्याचाच असल्यामुळे गेल्या पावसाळ्यात आम्ही तयार खाद्याच्या गोण्या कमी करून घरीच खाद्य मिसळू लागलो. वाढत्या आणि विक्रीला येणाऱ्या डुकरांसाठी हे खाद्य निश्चित परवडते. दूध पिणाऱ्या पिल्लांसाठी मात्र ते करण्याच्या भानगडीत पडू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

वाढीच्या काळातील डुकरांसाठी १०० किलोचे प्रमाण असे ठेवले: मक्याचा भरडा ६० किलो, सोयाबीनची पेंड २४ किलो, गव्हाचा कोंडा साडेतेरा किलो, क्षार मिश्रण २ किलो आणि मीठ अर्धा किलो. मक्यात ९, सोयापेंडीत ४५ आणि कोंड्यात १५ टक्के प्रथिने धरली, तर एकूण प्रथिने १८ टक्क्यांच्या आसपास येतात. साठ किलोच्या पुढे गेलेल्या जनावरांना १६ टक्के पुरतात, म्हणून त्यांच्यासाठी पेंड १७ किलोवर आणून मका ६२ आणि कोंडा साडेअठरा किलो केला. मात्र केवळ प्रथिनांची टक्केवारी जुळली म्हणजे खाद्य संतुलित झाले असे नाही. भुईमुगाच्या पेंडीतही प्रथिने जवळपास तितकीच असतात, परंतु लायसीन, म्हणजे वाढीसाठी आवश्यक असलेला प्रथिनांचा एक घटक, सोयापेंडीच्या निम्म्याच्या आसपास असते. मक्यात तर ते मुळातच तुटपुंजे, त्यामुळे मका आणि भुईमूग पेंड एवढ्यावरच भागवले तर कागदावरचा हिशेब बरोबर दिसतो आणि जनावर मात्र अपेक्षेइतके वाढत नाही. पेंडीऐवजी कच्चे सोयाबीन दळून घालणे तर सर्वथा टाळावे, कारण त्यातील पचनरोधक घटक भाजल्याशिवाय निष्प्रभ होत नाही. गाईम्हशींचे पशुखाद्य स्वस्त पडते म्हणून वापरणारेही आहेत, पण त्यातील तंतुमय भाग डुकराच्या पोटाला झेपत नाही.

प्रत्यक्ष मिसळण्याच्या कामात सर्वांत जास्त काळजी क्षार आणि मीठ यांची घ्यावी लागते. अडीच किलो जिन्नस थेट ढिगावर टाकून फावड्याने फिरवले तर एका घमेल्यात पांढरी पूड दिसते आणि दुसऱ्यात काहीच नसते. म्हणून ते आधी पाच-सहा किलो कोंड्यात हाताने चोळून घ्यावे, मग तो कोंडा मक्याच्या भरड्यात मिसळावा. चक्कीवाल्याकडून साधारण ३ मिलिमीटरची चाळणी लावून घेतली की विष्ठेत मक्याचे अखंड तुकडे दिसणे जवळजवळ थांबते. मीठ असलेल्या खाद्यासोबत पिण्याचे पाणी सतत हवे. पाणी तुटले तर मिठाची विषबाधा होऊ शकते.

कोकणातील पाऊस हीच या पद्धतीची खरी परीक्षा आहे. घाटावरून येणारा मका पोत्यात वरून कोरडा वाटला, तरी मधल्या दाण्यांना कुबट वास येऊ लागला की बुरशीचा संशय धरावा. दाणा दाताखाली कडकन फुटला तर ठीक, चिवट लागला तर ते पोते बाजूला ठेवावे. बुरशीपासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष शिजवल्यानेही पुरते जात नाही, शिवाय गाभण माद्यांना ते विशेष बाधते. गिरणीतला ताजा भाताचा कोंडा स्वस्त मिळतो खरा, पण त्यातील तेल लवकर खवट होते आणि प्रमाण जास्त झाल्यास चरबी मऊ पडते, याबद्दल खाटीक नाक मुरडतात.

गाभण मादीला कोंड्याचा वाटा वाढवून रोज दोन ते अडीच किलो खाद्य पुरते. व्यालेल्या मादीला मात्र स्वतःचे दोन किलो आणि दर पिल्लामागे पाव ते अर्धा किलो द्यावे लागते. येथे हात आखडला तर मादी हाडकुळी होते आणि पुढचा माज लांबतो. पिल्लांसाठी दूधभुकटी असलेले तयार खाद्यच आणतो. ते महाग असले तरी पिल्लू खाते मोजकेच, त्यामुळे त्यात काटकसर करून हाती फारसे काही लागत नाही.

हॉटेलांतील उरलेसुरले अन्न मी या हिशेबात धरलेले नाही. आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू न शिजवलेल्या डुकराच्या मांसातून पसरतो, त्यामुळे मांसमिश्रित खरकटे आमच्या दारात येऊ देत नाही. पावसाळ्यात एका वेळी आठवड्याभराला पुरेल इतकेच दळून आणतो आणि पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर रचतो.