व्हीजीए पोर्ट बघून खूश झालो, तिथंच बुडालो

परभणीत माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, नीटचे अर्ज. गल्लीत कुणाचाही कॉम्प्युटर बिघडला की माझ्याकडंच येतो. त्यामुळं जुनं ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र स्क्रीनवर आणणारं) घेताना मीच फसलो, हे लिहायला महिना गेला. बायकोला अजून खरा आकडा सांगितला नाही. कार्ड ५,८००, संभाजीनगरला जाणं-येणं आणि खाणं ३४०, पॉवरचं कन्व्हर्टर १८०. एकूण ६,३२० रुपये.

माझा कॉम्प्युटर ऑफिसातून निघालेला, चौथ्या पिढीचा आय५, पॉवर सप्लाय जेमतेम. म्हणून एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय हे कार्ड ठरवलं. चार जीबी मेमरी, ७५ वॅट, मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच करंट घेतं, वेगळी वायर लागत नाही. निवड बरोबरच होती, हे मी आजही म्हणतो.

विकणाऱ्याला मी एकच खोदून विचारलं, क्रिप्टो मायनिंगला (दिवसरात्र चालवून झिजवतात तसं) वापरलंय का? जो तो त्याचीच भीती घालतो ना! "नाही दादा, पर्सनल यूज." झालं, मी निर्धास्त. स्टेशनबाहेर भेटला. चालवून दाखव म्हणालो तर म्हणे घर बदलतोय, मॉनिटर बांधून ठेवलाय. मोबाइलवर गेमचा व्हिडिओ दाखवला. माझ्या गाडीला वीस मिनिटं होती. (भेटायची वेळ त्यानंच ठरवली होती.)

आता ऐका. कार्ड हातात घेतलं, मागं बघितलं, तर निळा व्हीजीए पोर्ट, जुन्या मॉनिटरची केबल लावायची जागा. आणि मी खूश! माझा मॉनिटर जुना, म्हटलं चला, व्हीजीएच्या कन्व्हर्टरचे पैसे वाचले. अरे गाढवा! एनव्हिडियानं १००० सिरीजपासून ॲनालॉग आउटपुट, म्हणजे व्हीजीएला लागतो तो सिग्नल, काढूनच टाकलंय. खऱ्या १०५० टीआयला व्हीजीए नसतोच. हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं होतं! तरी खिशातून फोन काढून पैसे पाठवले. वरून जादा करंटसाठीचं सहा पिनचं सॉकेटही दिसलं, पण काही ओव्हरक्लॉक (वेग वाढवलेल्या) मॉडेलना ते खरंच असतं, त्यामुळं तिथं शंका आली नाही. त्याचा दोष मी स्वतःला देणार नाही.

"ड्रायव्हर पेनड्राइव्हमधलाच टाका, साइटवरचा चालत नाही," असं म्हणाला तेव्हाही मी मान हलवली. ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर; ते सोबत देणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

घरी विंडोजनं नाव बरोबर दाखवलं, मेमरी चार जीबी. जीटीए ५ हा गेम सुरू केला की दोन मिनिटांत स्क्रीन काळी. मग जीपीयू-झेड टाकलं, कार्डची खरी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर. नावाआधी 'फेक' असं लिहून आलं. चिप जीएफ११६, कोअर १९२. खऱ्याला ७६८ असतात. म्हणजे २०११ चं जीटीएक्स ५५० टीआय, बायॉस (कार्डचं नाव-माहिती ठेवणारं आतलं सॉफ्टवेअर) बदलून, नवा पंखा बसवून. जीपीयू-झेड फुकट आहे, पेनड्राइव्हमध्ये मावतं. चालू कॉम्प्युटरवर हे बघितल्याशिवाय रुपया सोडू नका.

विकणाऱ्याचा फोन त्याच दिवशी बंद. इथल्या ठाण्यात गेलो. "वस्तू भेटली ना? मग फसवणूक कशी काय?" समजावून सांगितलं. "गेम खेळायलाच ना वो?" बाजूचा हसला. मग म्हणाले, व्यवहार तिकडं झाला, तिकडं जा. तिकडं गेलो (आणखी एक दिवस दुकान बंद, तो हिशोब वर धरलेलाच नाही) तर म्हणे, राहता परभणीला, तिथंच द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्वच्छ लिहिलंय, दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता घ्यायची. मी प्रिंट काढून नेली. साहेबांनी वाचली, घडी घातली, माझ्याच हातात परत दिली. बँकेचं उत्तर एका ओळीचं, पिन तुम्हीच टाकलाय. तुमचे पैसे गेले तर ठाण्याच्या नादी लागण्याआधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, तासाभरात. मी अकराव्या दिवशी केला.

परवा एका जाहिरातीत त्याच्या फोटोतली तीच फुलाफुलांची चादर, तसंच कार्ड, विक्रीला. नाव आणि नंबर नवा, किंमत ६,२००. फोटोत व्हीजीए पोर्ट स्पष्ट दिसतोय.