अकरा महिने, एक पेन आणि कीबोर्डातले काका: वापरानंतरचा अनुभव

टॅबलेटचं पेन गेलं. अकराव्या महिन्यात, वॉरंटी संपायला तेवीस दिवस असताना, चित्रातल्या उशीच्या डाव्या डोळ्याचा ठिपका देता देता. रेघच उमटेना. टोक बदललं, टॅबलेट बंद करून चालू केला, पेन पंख्याखाली धरलं, शेवटी मांडीवर आपटलं. (शेवटचा उपाय कुणी करू नका. मी केला, आणि तक्रारीत तेवढं सोडून बाकी सगळं लिहिलं.)

ब्रँड मुद्दाम सांगत नाही. भांडण नुकतंच मिटलंय, परत उकरायचं नाही. बिनबॅटरीचं पेन, दाबाच्या ८१९२ पातळ्या वगैरे बऱ्याच टॅबलेटांच्या खोक्यावर असतं तेच याच्याही खोक्यावर आहे. पडद्याच्या रंगांवर लिहिणारे ढीगभर आहेत. माझा पडदा ऐंशी टक्के पांढराच असतो, त्यामुळे मला त्यातलं काही कळत नाही. मी तो एकाच कामासाठी घेतला: रोज चार चौकटींची एक चित्रपट्टी, विषय माझंच ट्रान्झिशन, म्हणजे पुरुष म्हणून वाढवलेल्या मी बाई म्हणून जगायला लागणं.

हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात टॅबलेट आला. समुपदेशक बाईंनी डायरी लिहा म्हणून सांगितलं होतं. दोन दिवस लिहिली. तिसऱ्या दिवशी वाचून बघितली तर कुणीतरी कुणाच्या तरी शोकसभेत बोलतंय असं वाटलं. मग चित्र काढलं. माणसं मला जमत नाहीत, हात तर अजिबातच नाहीत, म्हणून स्वतःच्या जागी एक उशी काढली. आयत, फुगीर कोपरे, दोन ठिपके. चाळीस सेकंदांत तयार. पहिल्याच पट्टीत ती पलंगावरून खाली येते आणि म्हणते, "पडले."

लिहिलं आणि थबकले. स्वतःच्या तोंडी 'पडले' मी त्याआधी कधीच लिहिलं नव्हतं. उशी निवडली ती निव्वळ आळसाने, पण उशी पडली स्त्रीलिंगी, आणि तिने 'पडलो' म्हटलं असतं तर शाळेच्या मास्तरांनीच लाल शाईने दुरुस्त केलं असतं. म्हणजे व्याकरण माझ्या बाजूने.

कीबोर्ड मात्र नव्हता. आणि हीच माझी मुख्य तक्रार, बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल.

संवादाच्या फुग्यात मजकूर टाकायचा तर टॅबलेटचा कीबोर्ड उघडतो आणि शब्द सुचवायला लागतो. खातं माझ्या जुन्या फोनचंच, त्यामुळे शब्दही तिथूनच आलेले. 'मी' लिहिलं की वर तीन पर्याय: आलो, गेलो, करतो. 'दमले' लिहून स्पेस दाबली की 'दमलो'. मागे जाऊन खोडा, पुन्हा लिहा, स्पेस, पुन्हा 'दमलो'. एका आठवड्यात मोजलं, एक्केचाळीस वेळा. आधीची सगळी वर्षं मी स्वतःबद्दल जे जे लिहिलं, ते या खात्याने इमानाने जपून ठेवलं होतं आणि आता एकेक शब्द परत करत होतं. सूचना बंद करता येतात, माहीत आहे. पण मग 'समुपदेशक' आणि माझ्या गोळीचं नाव 'स्पायरोनोलॅक्टोन' पूर्ण टाइप करावे लागतात. ते कोण करणार?

इंग्रजीत काढणाऱ्यांना हा ताप नाही. 'आय वेंट' म्हणा, बाई का बुवा कुणाला पत्ता लागत नाही. त्यांची मारामारी तृतीय पुरुषात: लोक मला 'ही' म्हणणार की 'शी'. २०१९ साली आलेल्या 'जेंडर क्वियर' या चित्रमय आत्मकथनात तर स्वतःसाठी वेगळीच सर्वनामं शोधण्याचा प्रवास आहे. (२०२१ साली अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या यादीत सर्वाधिक आक्षेप आलेलं पुस्तक तेच.) मराठीत दुसऱ्यांनी काय म्हणायचं ते नंतर, आधी तुम्हीच तोंड उघडलंत की क्रियापद तुम्हाला पकडून देतं. 'जाते' की 'जातो', ते जीभ उचलतानाच ठरवावं लागतं.

पळवाटा आहेत, आणि घरी सांगायच्या आधीच्या आठ महिन्यांत मी त्या सगळ्या वापरल्या. भविष्यकाळ लिंग सांगत नाही: मी येईन, मी जेवेन. 'मी चित्र काढलं' यात क्रियापद चित्रामागे जातं, आपण सुटलो. 'मला झोप आली', सुटलो. आणि 'आम्ही दमलो' हे बायकांचंही तेच आणि पुरुषांचंही तेच. यावर मी सलग नऊ पट्ट्या काढल्या. एकीत उशी फक्त भविष्यकाळात बोलते आणि दादा वैतागतो, "तू हल्ली नुसती आश्वासनं देतोस. निवडणुकीला उभा राहतोयस का?" दुसरीत उशी दारात येऊन म्हणते, "आम्ही दमलो," आणि आई तिच्या मागे डोकावून बघते, अजून कोण कोण आलंय. दुसरी पट्टी जशीच्या तशी घडलेली आहे, फक्त उशी सोडून.

टॅबलेटबद्दल थोडं सांगायला हवं म्हणून: रेघ गुळगुळीत करण्याची सोय आहे, ती आल्याबरोबर शून्यावर आणा. नाहीतर थरथरणाऱ्या हाताने काढलेली भीतीसुद्धा साबणाच्या जाहिरातीसारखी दिसते. लेअरची नक्कल मात्र फार कामाची, कंजूष माणसाला तर वरदानच. गोळ्या सुरू झाल्यावर पहिले तीन महिने रोज आरशात बघायचं आणि काहीच बदललेलं नसायचं. तेव्हा मी आरशापुढच्या उशीचं एकच चित्र काढलं, चार वेळा चिकटवलं आणि वर लिहिलं: पहिला दिवस, विसावा दिवस, पन्नासावा दिवस, नव्वदावा दिवस. अकरा मिनिटांत पट्टी तयार. तीच सगळ्यांना सर्वांत जास्त आवडली, याचा थोडा रागही आला. लोकांना एरवी 'आधी' आणि 'नंतर' असे दोनच फोटो हवे असतात. खरं सगळं दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत घडतं, आणि तिथे बहुतेक वेळ मी रांगेत उभी असते.

जुन्या हास्यचित्रांत ट्रान्स माणूस म्हणजे स्त्रीवेशातला पुरुष. तो दिसला की हसायचं, दुसरा विनोद नाहीच. त्या चित्रांवर मीही लहानपणी हसलेय आणि नंतर आठवून घाबरलेय. ट्रान्स चित्रकार स्वतः काढायला लागले तेव्हा विनोद शरीरावरून उठून भोवतालच्या गोंधळावर जाऊन बसला. सोफी लाबेलने २०१४ साली एका ट्रान्स शाळकरी मुलीच्या पट्ट्या सुरू केल्या, आणि त्या मुलीपेक्षा तिला प्रश्न विचारणारे जास्त हास्यास्पद दिसतात. ज्युलिया केचं २०१८ चं पुस्तक तीन-तीन चौकटींचं आहे, बऱ्याच दिवसांत विनोदसुद्धा नाही, नुसता थकवा. ते वाचल्यावर रोज हसवायची सक्ती मी स्वतःवरून उतरवली.

माझा सगळ्यात लाडका विनोद औषधशास्त्राने फुकट दिलाय. स्पायरोनोलॅक्टोन पुरुषी हार्मोनला अडवतं, आणि मुळात ते लघवी वाढवणारं औषध. म्हणजे ज्या काळात कुठल्या स्वच्छतागृहात शिरायचं याची सगळ्यात जास्त धास्ती, त्याच काळात सगळ्यात जास्त वेळा जावं लागतं! उशी दोन दारांमध्ये उभी, पाय आवळून. उशीला पाय नाहीत, तरी आवळलेले कळतात. यावर चौदा पट्ट्या झाल्या आणि अजून होतील.

आता मत बदलतेय, वर लिहिलेलं खोडत नाही. सहाव्या महिन्यात कीबोर्डशी भांडून भांडून थकले आणि त्यालाच पट्टीत घेतलं. जाड भिंगांचा चष्मा, बोट वर केलेलं, फुग्याच्या कडेतून डोकं घालणारे एक काका. उशी म्हणते, "मी आले..." आणि काका मध्येच, "आलो! आलो म्हणायचंय तुला. मी तुला लहानपणापासून ओळखतो." त्यांचा हेतू कधीच वाईट नसतो, हीच त्यांची गंमत. मला त्यांना काही सुचवावंच लागत नसे, ते स्वतःच सुचवत. ज्या दोषासाठी मी दोन तारे कापणार होते, त्यावर माझी निम्मी वही चालली.

नवव्या महिन्यात शहाणपणा केला. कीबोर्डचा सगळा साठवलेला शब्दसंग्रह पुसून टाकला. पंधरा दिवसांत 'मी' म्हटलं की 'आले' यायला लागलं. काका गप्प, आणि पट्ट्या आळणी. साठवण पुसण्यापूर्वी तिची प्रत काढून ठेवायची सोय कंपनीने दिलेली नाही, याची नोंद घ्यावी.

याच सुमाराला घरी सांगितलं. तोंडाने जमेना, म्हणून सगळ्यांतल्या आठ पट्ट्या निवडून एका ए-फोर कागदावर छापल्या, घडी घालून मधे एक काप दिला. एका कागदात आठ पानांची पुस्तिका होते, स्टेपलरसुद्धा लागत नाही. दादाने उभ्याउभ्या वाचली. पुन्हा पहिल्या पानापासून वाचली.

"उशी म्हणजे कोण?"

"मी."

बराच वेळ तो शेवटच्या पानाची घडी नखाने दाबत राहिला. मग म्हणाला, "हात का नाही काढलेस?"

"जमत नाहीत."

"शिक मग," आणि दोन सेकंदांनी, विसरलेली किल्ली घ्यायला मागे यावं तसं, "गं."

तर पेन. मदत केंद्राला फोन लावला. इथे सांगायला हवं की इस्ट्रोजेनने आवाज बदलत नाही. फुटलेला आवाज फुटलेलाच राहतो, जे काही करायचं ते सरावाने. मी चार महिने रोज वीस मिनिटं फ्रीजसमोर उभी राहून गुणगुणतेय, कारण फ्रीजचा सूर स्थिर आहे. सूर चढवणं सोपं, आवाज छातीतून तोंडाच्या पुढच्या भागात आणणं महाकठीण. आजवर फोनवर कुणीही मला 'सर'शिवाय दुसरं काही म्हटलेलं नव्हतं.

"मॅडम, बिल ज्यांच्या नावावर आहे त्यांना फोन द्या."

"काय म्हणालात?"

"मॅडम, बिल ज्यांच्या..."

"आवाज तुटतोय, परत बोला."

तीन वेळा म्हणायला लावलं. मग भानावर आले. बिल जुन्या नावावर, आणि माझा आवाज पहिल्यांदाच त्या नावाशी जुळत नव्हता. घसा खाकरून जुना आवाज काढला असता तर दोन मिनिटांत काम झालं असतं. नव्या पेनाची किंमत आठवून अर्धा सेकंद घसा खाकरलाही. पण नाही काढला. नाव बदलल्याचे कागद पाठवले. उत्तर आलं की कागदावरचं नाव बिलाशी जुळत नाही. जुळलं असतं तर कागद कशाला काढले असते! मग दादा जुना मी झाला. जन्मतारीख बरोबर सांगितली आणि साल स्वतःचं सांगून मोकळा झाला. तक्रार बंद.

दरम्यान एकोणीस दिवस बोटाने काढलं. जाड, वेड्यावाकड्या रेघा, उशी दुप्पट फुगलेली. सांगायला लाज वाटते, पण वर्षभरातली ती सगळ्यात चांगली चित्रं आहेत. पेनाची गरज आहे का, असा प्रश्न पडला होता. पण पैसे मोजलेत, तेव्हा पेन हवंच.

शेवटी एका वरिष्ठ बाईंनी फोन घेतला. नाव विचारलंच नाही. पेनावरचा अनुक्रमांक वाचायला लावला, पुढे-मागे एक आकडा तपासला, म्हणाल्या, "पाठवतो." हे पहिल्या दिवशी करता आलं असतं.

चार दिवसांनी खोकं आलं, वर 'श्री.' आणि जुनं नाव.

"हे घरी आहेत का?" डिलिव्हरीवाल्याने विचारलं.

"नाहीत."

"तुम्ही त्यांच्या कोण?"

बहीण म्हणणार होते. तोंडातून निघालं, "वारस."

त्याचा चेहरा एकदम पडला. "सॉरी हं मॅडम," म्हणत त्याने सही घेतली आणि दोन पायऱ्या उलट्या चालत उतरला. मला त्याला थांबवायचं होतं, पण हसू दाबण्यात वेळ गेला, आणि जिन्यातून त्याला तो हुंदकाच वाटला असणार.

नवं पेन ठीक आहे. डाव्या कोपऱ्यात रेघ केसभर सरकते, आधीच्याचीही सरकायची. पूर्वी डब्यात सुटी टोकं पाच यायची, या वेळी तीन आहेत. कुणाला जास्त मिळाली असतील तर सांगा, मी परत फोन करणार आहे. त्या डिलिव्हरीच्या पट्टीचे सहा खर्डे झाले, सगळ्यांत तोच संवाद पुन्हा पुन्हा टाइप केला. काल सातव्याला बसले. 'मी' लिहिलं आणि कीबोर्डने पहिला शब्द सुचवला, 'वारस'.