आर्वी-तळेगाव रस्त्यावरचं बिनपाटीचं गॅरेज आणि माझी २००९ची अल्टो

आर्वीहून तळेगावकडे निघालं की वस्ती संपता संपता कडुनिंबाखाली एक गॅरेज लागतं. पाटी नाही. फांदीला टांगलेलं जुनं टायर हीच खूण. माझी अल्टो एलएक्सआय तीन वर्षांपासून इथंच येते, आणि ज्यांच्याकडे जुनी छोटी गाडी आहे त्यांना या मिस्त्रींबद्दल सांगायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. रोजचं जाणं-येणं ४४ किलोमीटर, त्यातले पाच निव्वळ काळ्या मातीतले. गाडी सेकंडहँड घेतलेली, ७९६ सीसी, तीन सिलिंडरची. २०२४मध्ये तिला पंधरा वर्षं झाली, तेव्हा ग्रीन टॅक्स भरून पाच वर्षांसाठी पुन्हा पासिंग करून घेतलं. म्हणजे आता तिला नीट सांभाळणं आलंच.

पहिल्यांदा गेले ते गाडी तापते म्हणून. मे महिना, पारा पंचेचाळिशीला. त्याआधी शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपनं रेडिएटर साफ करण्याचे पैसे घेतले होते आणि मग हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, बदलायचा १४,००० रुपयांचा अंदाज हातात ठेवला होता. मिस्त्रींनी बॉनेटला हात लावायच्या आधी विचारलं, "मॅडम, काटा चालत्या गाडीत चढते का उभ्या गाडीत?" मी म्हटलं, बाजारात अडकले की चढतो, रस्त्याला लागले की उतरतो. "मंग पंख्याचं हाय जी. चालत्या गाडीले हवा समोरून भेटते. उभीले पंख्यानंच द्या लागते."

बॅटरीवरून दोन वायरी थेट पंख्याच्या मोटरला लावून दाखवल्या. पंखा फिरला, पण मेल्यासारखा. मोटर उघडली तर आतले कार्बन, म्हणजे मोटरला वीज पोचवणारे तुकडे, झिजून नखाएवढे उरलेले. नवे कार्बन आणि मजुरी मिळून ३५० रुपये. त्या दिवसापासून काटा मधल्या रेघेच्या वर गेलेला नाही.

खरी गोष्ट त्यानंतर कळली. कूलंट बदलताना त्यांनी थर्मोस्टॅटची, म्हणजे रेडिएटरकडे जाणारं पाणी इंजिन तापेपर्यंत अडवणाऱ्या झडपेची, जागा उघडली, तर आत थर्मोस्टॅटच नव्हता! उन्हाळ्यात गाडी थंड राहावी म्हणून आपल्याकडे तो काढून टाकायची पद्धतच पडली आहे. पण साधारण ८२ अंशांपर्यंत तो बंद राहतो, म्हणूनच इंजिन लवकर योग्य तापमानाला येतं. तो नसला की डिसेंबरच्या सकाळी इंजिन गारच राहतं, आणि गार इंजिनाला गाडीचा कॉम्प्युटर जास्तीचं पेट्रोल देत राहतो. हिवाळ्यात माझं ॲव्हरेज १४वर आलं होतं आणि मी उगाच पंपावरच्या पेट्रोलला दोष देत होते. थर्मोस्टॅट बसवला, पुढच्या डिसेंबरात साडेसतरा मिळालं. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकणंही त्यांनी बंद करायला लावलं. आपल्या घागरीच्या बुडाला जो पांढरा थर बसतो, तोच आत नळ्यांत बसतो.

समोरच्या खडखडीसाठी दोघांनी मला शॉकअब बदला म्हणून सांगितलं होतं. यांनी गाडी जॅकवर घेतली, टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, लावून चाकाला धरणारा खालचा दांडा, म्हणजे लोअर आर्म, हलवला आणि त्याच्या सांध्यातला फाटलेला रबरी बुश माझ्या डोळ्यांसमोर धरला. अख्खा आर्म नाही, फक्त बुश बदलले. काढलेला प्रत्येक पार्ट पेपरात गुंडाळून परत देतात. टायमिंग बेल्ट, कूलंट कधी बदललं ते बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहून ठेवतात, किलोमीटरसकट.

अडचणीही सांगते. एसीचं काम आणि चाकांचं अलाइनमेंट इथं होत नाही, त्यासाठी वर्धा किंवा अमरावती गाठावी लागते. पक्कं बिल मिळत नाही, खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिशोब लिहून देतात. आणि घाई असेल तर जाऊच नका. उंदरांनी वायरिंग कुरतडलं तेव्हा गाडी चार दिवस तिथं होती, कारण मूळ रंगाचीच वायर मिळेपर्यंत त्यांनी जोड दिला नाही. म्हणे, उद्या दुसऱ्या मिस्त्रीनं उघडलं तर त्याले समजलं पायजे. त्या वेळी चिडले होते, आज तेच बरोबर वाटतं.

बायांना बसायला, बाथरूमला जागा नाही, ही मोठी उणीव. त्यांची आई मागच्या घरात राहते, तिनं मला आत बोलावून घेतलं, चहा दिला. पण अनोळखी बाईनं दर वेळी कुणाच्या घरात कसं जावं? एक आडोसा आणि दोन खुर्च्या ठेवा, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे. खुर्च्या आल्या आहेत.

आणखी एक. कापूस फुटला की गॅरेज अर्धा दिवसच उघडं असतं, ते स्वतः वेचणीला शेतात असतात. माझे मागचे ब्रेक शू बघायचे राहिलेत, म्हणून दसऱ्याच्या आतच गाडी सोडते असं सांगून ठेवलंय.