'द फ्लॉप हाऊस' की 'हाऊ डिड धिस गेट मेड'?

पडेल इंग्रजी सिनेमांवर दोस्तांच्या मनमुराद गप्पा ऐकायच्या, तर बहुतेक जण या दोन पॉडकास्टपाशी येऊन अडतात. पहिला २००७ पासून चालू आहे, दुसरा २०१० पासून. दोन्हीकडे तिघांची टोळी आणि एक फसलेला सिनेमा. मी दोन्ही भरपूर ऐकले आहेत, पण नियमाने ऐकणं आता एकाचंच होतं.

'हाऊ डिड धिस'चे पॉल शीअर, जून डायान राफेल आणि जेसन मँझुकस हे तिघेही अभिनेते. बरेच भाग प्रेक्षकांसमोर रंगतात, त्यामुळे जोश भरपूर. मला यात सगळ्यात आवडते ती जून. बाकीचे दोघं एखाद्या मारामारीवर तुटून पडलेले असतात, तेवढ्यात ती विचारते की पण या माणसाला नेमकं हवंय तरी काय? आणि उत्तर कोणाकडेच नसतं. शेवटी पॉल त्याच सिनेमाची अ‍ॅमेझॉनवरची पाच तारे दिलेली परीक्षणं वाचतो. तासभर ज्याची चिरफाड झाली, तो सिनेमा कोणाच्या तरी फार जिव्हाळ्याचा आहे हे ऐकून मलाही बरं वाटतं.

मग अडलं कुठे? सिनेमा आधी पाहिलेला असावा लागतो, इथे. गोष्ट ते क्रमाने सांगत बसत नाहीत, थेट सगळ्यात अचाट प्रसंगावर उडी घेतात. सिनेमा बरेचदा असतो ऐंशी-नव्वदच्या दशकातला, आणि भारतात तो शोधायचा म्हणजे एकेक अ‍ॅप उघडून बघत बसायचं. मिळालाच तर पॉडकास्टच्या आधी दोन तास त्या सिनेमाला द्यायचे. नाही पाहिला, तर सभागृहात हशा पिकतो आणि तो कशावर, हे आपल्याला कळतच नाही. ऐकायची वेळ ऑफिसच्या प्रवासातली असेल तर हे फार जाचतं. निदान मला जाचलं.

'फ्लॉप हाऊस'मध्ये ही अडचण जवळपास येत नाही. डॅन मकॉय आणि एलियट केलन दोघांनीही 'द डेली शो' या अमेरिकी टीव्हीवरच्या बातम्यांची खिल्ली उडवणाऱ्या कार्यक्रमासाठी लेखन केलं आहे, एलियट तर तिथला मुख्य लेखक होता. स्टुअर्ट वेलिंग्टन ब्रुकलिनमध्ये बार चालवतो. बहुतेक वेळा एलियट पहिल्या प्रसंगापासून गोष्ट सांगायला घेतो आणि वाटेत तिघंही हवे तेवढे फाटे फोडतात. श्रोत्यांच्या पत्रांची वेळ झाली की एलियट जागच्या जागी गाणं रचून म्हणायला लागतो, ते लांबतच जातं, आणि डॅन ते आवरायची धडपड करतो. तेवढा एक तुकडा ऐकला तरी या तिघांची मैत्री किती मुरलेली आहे ते कळतं. निकालाचे पर्याय तीन: वाईट असूनही मजा देणारा, नुसताच वाईट, की खरंच थोडाफार आवडलेला. त्यानंतर प्रत्येक जण स्वतःला आवडलेला एखादा सिनेमा सुचवतो. माझ्या यादीतले कितीतरी चांगले सिनेमे तिथूनच आले आहेत.

अर्थात फाटे सगळ्यांना रुचतील असं नाही. जुन्या विनोदांचे संदर्भ फार येतात, नव्या माणसाला पहिले दोन-तीन भाग परके वाटू शकतात. २००७ पासून ओळीने ऐकायला घेऊ नका. अगदी सुरुवातीच्या भागांत एलियट नाहीच.

शनिवारी मित्र जमवून वाईट सिनेमे बघायची सवय असेल, तर 'हाऊ डिड धिस' जरूर घ्या, तिथे त्याची सर कोणाला नाही. पण स्वयंपाक करताना, गाडी चालवताना किंवा चालायला जाताना ऐकणार असाल, तर मी 'फ्लॉप हाऊस'च म्हणेन. दोन्हींचा एकेक भाग निवडा, तोही तुम्ही न पाहिलेल्या सिनेमावरचा, आणि बघा कोणता शेवटपर्यंत ऐकवतो.