भुईकाटा गेटवर, मालक जळगावात: केबल, मॉडेम की सिमचा राऊटर?

कापसाचा सीझन तोंडावर आला की मला जिनिंग (कापसातून सरकी काढायच्या) मिलवाल्यांचा दरवर्षी हाच फोन येतो. भुईकाटा गेटवर, ऑफिस आवाराच्या दुसऱ्या टोकाला आणि मालक जळगावात घरी. गाडीचं वजन तिघांनाही दिसायला हवं. रावेर-यावलकडच्या केळी पिकवायच्या चेंबरवाल्यांचीही अडचण हीच, फक्त तिथे वजनाच्या जागी तापमान. मी आधी विचारतो, अंतर किती? खर्चाचं बोलणं त्यानंतर.

काटा आणि कॉम्प्युटर एकाच केबिनमध्ये असेल तर साधी आरएस-२३२ केबल (उपकरण कॉम्प्युटरला जोडायची जुनी सिरियल पद्धत) पुरते, दुसरं काही घेऊ नका. काट्याच्या इंडिकेटरला, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणाऱ्या डब्याला, मागे नऊ पिनांचं पोर्ट असतं. कामाच्या तारा तीनच: कॉम्प्युटरच्या बाजूने २ नंबरवर आत येणारं, ३ नंबरवर बाहेर जाणारं, ५ नंबर ग्राउंड. इंडिकेटरने कोणत्या पिना वापरल्यात ते त्याच्या मॅन्युअलमध्ये बघा, कारण काही ठिकाणी २-३ उलटापालट करावी लागते. लॅपटॉपला आता असं पोर्ट येत नाही, म्हणून यूएसबीचा कन्व्हर्टर लागतो. तो चांगला आहे का, हे बघायची माझी पद्धत फुकटची आहे. स्टेपलरची पिन सरळ करून कन्व्हर्टरच्या २ आणि ३ नंबरमध्ये अडकवायची, पुट्टी (पोर्टवर येणारं-जाणारं दाखवणारा फुकट प्रोग्राम) उघडायचं आणि काहीही टाईप करायचं. टाईप केलेलं स्क्रीनवर उमटलं तर कन्व्हर्टर आणि ड्रायव्हर ठीक. मग दोष केबलमध्ये नाहीतर पलीकडे.

पुट्टीत फ्लो कंट्रोल (‘थांब’, ‘पाठव’ असे इशारे) आपोआप एक्सऑन-एक्सऑफ असतो. तो ‘नन’ करा. स्पीड आणि पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) इंडिकेटरशी तंतोतंत जुळली पाहिजे, नाहीतर आकड्यांच्या जागी कचरा येतो. ‘काटाच बिघडला भो’ म्हणत आलेल्या निम्म्या फोनांत मला एवढंच सापडलंय. ९६०० च्या स्पीडला सेकंदाला साधारण ९६० अक्षरं जातात. वजनाची ओळ असते दहा-पंधरा अक्षरांची, तेव्हा स्पीड वाढवायच्या भानगडीत पडू नका.

पण हीच केबल ऑफिसपर्यंत ओढायची म्हटलं की माझा नकार. आरएस-२३२ चा भरवसा साधारण १५ मीटरपर्यंतच. वर जिनिंगच्या मोठ्या मोटारी सुरू होताना लाईनवर जो गोंधळ होतो तो वेगळा, आणि गेटचं अर्थिंग एक, ऑफिसचं दुसरं. एका मिलमध्ये मीच घाईत ६० मीटर ओढली होती. पहिल्या वळवाच्या पावसात दोन्हीकडची पोर्टं गेली आणि केबल पुन्हा उकरून काढावी लागली ती माझ्याच खर्चाने.

आवारातल्या अंतराला आरएस-४८५, ही लांब पल्ल्याची सिरियल पद्धत. पीळ दिलेली तारांची जोडी, एकाच लाईनवर ३२ उपकरणं, कमी स्पीडला १२०० मीटरपर्यंत. तारेच्या दोन टोकांना, फक्त दोनच टोकांना, १२० ओमचा रेझिस्टर. मधून फांद्या फोडायच्या नाहीत, एका उपकरणातून पुढच्यात अशी ओळीने न्यायची. ‘ए’ आणि ‘बी’ या खुणा प्रत्येक कंपनीच्या एकसारख्या नसतात. काहीच येत नसेल तर आधी त्या दोन तारा उलट करून बघा, त्याने काही जळत नाही. २३२ चं ४८५ करणारा कन्व्हर्टर आयसोलेशनवाला, म्हणजे दोन्ही बाजूंचा विजेचा थेट संबंध तोडणारा, घ्या. थोडा महाग पडतो, पण माझी ती फजिती तुमची होऊ नये.

आता मालकाच्या घरापर्यंत. जुना डायल-अप मॉडेम (फोनच्या लाईनवरून डेटा पाठवणारा) अजून कपाटात ठेवणारे लोक आहेत, आणि मला त्यांचं हसू येत नाही. पलीकडच्या मॉडेमला एकदा ‘एटीएस०=१’ ही आज्ञा देऊन ‘एटी&डब्ल्यू’ने साठवलं की तो पहिल्या रिंगला आपणच फोन उचलतो. घरून फोन लावायला ‘एटीडीटी’ आणि नंबर. मधे ईपीएबीएक्स (ऑफिसचं स्वतःचं छोटं एक्स्चेंज) असेल तर बाहेरच्या लाईनचा ० आणि नंतर स्वल्पविराम, म्हणजे मॉडेम थोडा थांबतो. बोलणं संपलं की एक सेकंद गप्प, ‘+++’, पुन्हा एक सेकंद गप्प आणि फोन ठेवायला ‘एटीएच’. इंटरनेट नको, महिन्याचा डेटा नको. ५६ के (सेकंदाला ५६ हजार बिट) असं खोक्यावर छापलेलं असतं, पण तो वेग समोरची बाजू एक्स्चेंजला डिजिटल जोडलेली असेल तरच. दोन साध्या लाईनींमध्ये ३३.६ केच्या वर जात नाही. वजनाला तेही खूप झालं.

तरी नवीन बसवताना मी मॉडेम सुचवत नाही. त्याला तांब्याची लाईन लागते. फायबरवरच्या फोनमध्ये आवाजाचे तुकडे करून पाठवतात. माणसाला ते कळत नाही, पण मॉडेमची शिट्टी अर्ध्यात तुटते. शिवाय फोन उचलणारा मॉडेम कोणाचाही फोन उचलतो, पुढे पासवर्ड नसला तर दार उघडंच.

म्हणून दूरच्या जागेला सिमचा ४जी राऊटर, ज्याला आरएस-४८५ चं पोर्ट आहे असा. एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: साध्या सिमला बाहेरून हाक मारता येईल असा स्वतःचा पत्ता बहुधा मिळत नाही. तेव्हा राऊटरनेच आतून व्हीपीएन (इंटरनेटमधला खाजगी बोगदा) जोडून ठेवायचं, त्याला वायरगार्ड हा प्रोग्राम पुरेसा आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरचा रिमोट डेस्कटॉप (दुरून कॉम्प्युटर चालवायची सोय) इंटरनेटवर थेट उघडा टाकू नका. चेंबरचा कंट्रोलर मॉडबसवर (उपकरणांच्या बोलण्याची ठरलेली भाषा) बोलत असेल तर राऊटरमध्येच आरटीयूचं, म्हणजे तिच्या तारेवरच्या रूपाचं, टीसीपी हे नेटवर्कवरचं रूप करून घ्या. आरटीयू संदेश कुठे संपला हे साडेतीन अक्षरांच्या शांततेवरून ओळखतो, आणि मोबाईल नेटवर्क ती शांतता वाटेल तिथे घालतं. स्वस्तातले २जी मॉड्यूल घेणार असाल तर जिओचं सिम त्यात चालणार नाही.

राऊटर काट्याच्या पत्र्याच्या केबिनमध्ये ठेवायचा असेल तर त्यावर लिहिलेलं तापमान वाचून घ्या. घरगुती राऊटर बहुतेक ४० अंशांपर्यंतचे असतात, आणि भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात ४० अंश दुपारपर्यंत सहज होऊन जातात. मी तो ऑफिसात बसवतो आणि गेटपर्यंत ४८५ ची तार नेतो.