जुन्या पेट्रोल जीपचं कूलिंग आणि ब्रेक : उन्हाळा-पावसाळा वापरल्यावरचा अनुभव

ज्यांना फक्त निकाल हवा त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. खिसा हलका असेल तर मोठ्या रेडिएटरच्या आधी श्राउड (पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं) बसवा, आणि डिस्क ब्रेकच्या आधी दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल दाबणारा पंप). उरलेलं सगळं हौसेचं आहे. हौस मलाही आहेच, नाहीतर ही गाडी ठेवली नसती.

गाडी महिंद्राची सीजे-३बी, विलीजच्या परवान्यावर बनलेली, उंच बॉनेटवाली. इंजिन मूळचंच, हरिकेन पेट्रोल, २.२ लिटर, ७२ एचपी. आधीच्या मालकाने हेडचा फेस कापून कॉम्प्रेशन वाढवलं, रुंद टायर टाकले, एक्झॉस्ट बाजूने काढला. पुतण्या तिला हॉट रॉड (जोर वाढवलेली जुनी गाडी) म्हणतो. आम्ही परतवाड्याच्या बाजूचे, संत्र्याचा बगीचा आणि थोडी कपाशी. गाडी वावरात जाते, बाजाराला जाते, आणि पाहुणे आले की चिखलदरा चढते. म्हणजे शोपीस नाही.

या इंजिनाचं एक लक्षात घ्या. इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आहे, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. जळालेला गरम वायू ब्लॉकमधूनच बाहेर पडतो, त्यामुळे पाण्यावरचा भार जास्त. अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्यांना फोर्डच्या जुन्या फ्लॅटहेड व्ही-८ इंजिनाने (सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये) याच कारणाने छळलं. त्यात तर एक्झॉस्टच्या वाटा पाण्याच्या जॅकेटमधून आरपार जातात. तिकडचे उपाय आपल्याकडे बऱ्यापैकी चालतात, फक्त आपल्या नवतप्यात ४५-४६ डिग्रीला कस लागतो.

लक्षण साधं होतं. मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा ठीक, बाजाराच्या गर्दीत शिरलो की दहा मिनिटांत वर. हे पक्कं समजून घ्या, कारण इथूनच खर्चाची दिशा ठरते. पळताना थंड आणि उभ्यावर गरम, तर हवा कमी पडते आहे. पळतानाच गरम होत असेल तर पाणी फिरत नाही, नाहीतर रेडिएटर चोक आहे, किंवा टायमिंग मागे आहे (ठिणगी उशिरा पडते), किंवा मिक्श्चर पातळ आहे (हवेच्या मानाने पेट्रोल कमी). हे न पाहता थेट मोठा रेडिएटर घ्यायला सांगणारे गावोगाव भेटतात.

मी एकेक काम सुटं सुटं केलं, मध्ये गाडी वापरली, म्हणजे कशाने काय झालं ते कळलं.

आधी सफाई. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, आणि वर्षानुवर्षं तेच ओतलेलं. ब्लॉकच्या बाजूचे वेल्च प्लग (पाण्याच्या जागेची पत्र्याची झाकणं) काढले तेव्हा मागच्या सिलिंडरपाशी तपकिरी गाळ इतका घट्ट बसला होता की स्क्रू ड्रायव्हरने खरवडावा लागला. खाली परातीत पडला तो ओल्या विटेच्या चुऱ्यासारखा. मग लिंबूसताचं गरम पाणी फिरवलं, सोड्याने धुतलं, रेडिएटरच्या टाक्या उघडून नळ्यांतून रॉड मारून घेतले. एवढ्याने पळतानाचा काटा खाली आला. उभ्यावरचा जवळपास तिथेच.

मग श्राउड. गावातल्याच फॅब्रिकेटरकडून पत्र्याचा वाकवून घेतला, खर्च दीड हजाराच्या आत. पंख्याची पात अर्धी श्राउडच्या आत, अर्धी बाहेर हवी, आणि पात्याच्या टोकापासून पत्रा साधारण एक इंचावर. पात पूर्ण आत गेली तर हवा नीट बाहेर पडत नाही, अंतर वाढलं तर पंखा रेडिएटरमधून ओढण्याऐवजी आजूबाजूचीच गरम हवा घुसळत बसतो. त्याच बाजारात, त्याच उन्हात, आधी १०५ च्या पुढे जाणारा काटा ९५ च्या खाली राहिला. संपूर्ण कामात पैशाला सर्वांत जास्त मोल इथे मिळालं.

मेकॅनिकचा सल्ला वेगळा होता. ‘काहून गा भाऊ, थर्मोस्टॅट काढून फेका ना, काय काम आहे त्याचं?’ नाही फेकला. ८२ डिग्रीचा नवा टाकला. पाणी तेवढं तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारा हा व्हॉल्व्ह. थर्मोस्टॅट काढला की सकाळी इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि सिलिंडर झिजतात. उघडलेला थर्मोस्टॅट गाडी तापवत नाही, बंद अडकलेला तापवतो. विकत घेतल्यावर गरम पाण्यात टाकून उघडतो का ते घरीच पाहता येतं.

रेडिएटर कॅप ७ पीएसआयची (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) नवी. एवढ्या दाबाने पाण्याचा उत्कलनबिंदू ११ डिग्रीच्या आसपास वर जातो. जुन्या पितळी टाक्यांवर याहून जास्त दाबाची कॅप लावू नका, डाख सुटतो. आत कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. गोठण्याची भीती आपल्याला नाही, कूलंट हवं ते गंज आणि क्षार थांबवायला.

इलेक्ट्रिक पंखाही समोर लावलाय, घाटासाठी. पण मूळ डायनामो आयडलिंगला चार्जच करत नाही आणि पंखा नेमका तेव्हाच लागतो. म्हणून अल्टरनेटर आला, वायरिंग आलं, रिले आला. खर्च फुगला. खरं सांगायचं तर श्राउडनंतर हा पंखा वर्षात थोडे दिवसच फिरतो. मोठा रेडिएटर मी घेतलाच नाही.

एक जोडकाम : पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब वळवली आणि रबरी होज नव्या इथेनॉलयुक्त पेट्रोलला चालणारे टाकले. दुपारी गाडी बंद केल्यावर नळीत पेट्रोलची वाफ होऊन परत सुरू न होण्याची जी कटकट होती, ती बरीच कमी झाली.

आता ब्रेक. मूळ गाडीला चारही चाकांना ९ इंची ड्रम, आणि पायाखाली, फ्लोअरच्या खाली, एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर. एक नळी फुटली की चारही चाकं गेली. वर रुंद, उंच टायर, म्हणजे ब्रेकवर आणखी ओझं. चिखलदऱ्याहून उतरताना, ११०० मीटरवरून खाली, तीनच गिअर असलेल्या गाडीत, लायनिंगचा जळका वास आणि दर वळणाला थोडा आणखी खोल जाणारा पेडल. पावसाळ्यात नाला ओलांडला की ड्रम भिजायचे आणि गाडी एका बाजूला ओढायची.

पहिलं काम दोन सर्किटचा मास्टर. पुढची आणि मागची चाकं वेगळी. याने गाडी लवकर थांबत नाही, पण रात्री झोप नीट लागते.

मग पुढच्या चाकांना डिस्क, ब्रॅकेट बनवून. इथे एक बारकावा आहे जो बहुतेक गॅरेजवाले सांगत नाहीत. मास्टर कॅलिपरपेक्षा (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) खाली असतो, त्यामुळे पेडल सोडला की ऑइल मागे उतरतं आणि पुढच्या वेळी पेडल दोनदा मारावा लागतो. उपाय म्हणजे लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह : डिस्कला २ पीएसआयचा, ड्रमला १० चा. ड्रमसाठीच्या मास्टरमध्ये १० चा आतच बसवलेला असू शकतो. तो डिस्कच्या बाजूला राहिला तर पॅड घासत राहतात आणि चाक तापतं. हॉट रॉडवाल्यांकडे हे जुनं ज्ञान आहे, त्यांचेही मास्टर फ्लोअरखालीच.

मागच्या लाइनला दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावून मुरमाच्या रस्त्यावर सेट केला, मागची चाकं आधी लॉक होऊ नयेत म्हणून. नळ्या स्टीलच्याच घ्या, डबल फ्लेअर करून (टोक दुहेरी दुमडून). तांब्याची नळी दुकानदार हौसेने पुढे करतो, पण थरथरीने ती कडक होऊन चिरते. ब्रेक ऑइल डॉट ४ : कोरडं असताना २३० डिग्रीला उकळतं, डॉट ३ हे २०५ ला. पण दोन्ही हवेतला ओलावा पितात, म्हणून पावसाळ्यानंतर बदलून टाका.

बूस्टर (इंजिनाच्या व्हॅक्यूमने पायाला मदत करणारा) मी लावला नाही. फ्लोअरखाली जागाच नाही. त्याऐवजी मास्टर लहान बोअरचा, त्यामुळे त्याच पायाच्या जोरात दाब जास्त मिळतो, पेडल मात्र लांब जातो. तरी कडकच आहे. घरच्यांना ही गाडी चालवायला आवडत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. पेट्रोल इंजिन असल्याने मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम मिळतो; कुणाला जागा काढता आली तर जरूर काढा.

फरक? घाटात वास नाही, पेडल शेवटच्या वळणापर्यंत तेवढाच उंच. नाल्यातून निघाल्यावर दोन-तीन हलके दाब आणि ब्रेक परत. तक्रार एकच, काळ्या मातीचा चिखल कॅलिपरमागे वाळून बसतो, पॅड अडकतात. पाइप मारून धुवावं लागतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीला विंटेज नोंदणी मिळते, पण मग ती रोज वापरता येत नाही आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. म्हणून मी नेहमीच्याच नोंदणीवर आहे, मुदत संपली की फिटनेस करून नूतनीकरण. ब्रेक बदलण्याआधी आरटीओत विचारून घ्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा (गाडीत केलेले बदल) प्रश्न निघतो.

हँडब्रेक मूळचाच, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) मागच्या शाफ्टवरचा ड्रम. तेल गळून तो पुन्हा ओला झालाय, सील मागवलंय. तोवर उतारावर चाकाखाली दगड.