मुंबईच्या फुल मॅरेथॉनसाठी रविवारचा लाँग रन: मरीन ड्राइव्ह, आरे की नॅशनल पार्क?

मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. फुलची, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची तयारी करणारे बहुतेक जण पावसाळ्यातच धावायला लागतात. आठवड्यातले छोटे रन घराजवळ कुठेही उरकतात. खरा प्रश्न रविवारचा. २० किलोमीटर, मग २५, पुढे ३०-३२, तेही पहाटेच्या अंधारात, धावायचं कुठे? पश्चिम उपनगरातल्या माणसापुढे तीन ठिकाणं असतात: मरीन ड्राइव्ह, आरे कॉलनी आणि बोरिवलीचं नॅशनल पार्क. माझं मत आधीच सांगतो. ऑक्टोबरअखेरपर्यंत आरे, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दक्षिण मुंबई. पार्क सुंदर आहे, पण लाँग रनसाठी मी ते तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

पार्कचं लवकर आटोपतं. मुख्य दरवाज्यापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत साधारण सहा किलोमीटर, शेवटी दमवणारा चढ आणि येताना तोच उतार. झाडी दाट, गाड्यांची वर्दळ नगण्य, श्वास मोकळा. पण दरवाजा उघडेपर्यंत आत जाता येत नाही, त्यामुळे चार-साडेचारला सुरुवात करायची असेल तर इथे जमत नाही. जाऊन-येऊन बारा किलोमीटर. तीस करायचे तर तो चढ पुन्हा पुन्हा चढावा लागतो आणि मग तो लाँग रन राहत नाही, चढाचा सराव होतो. खाण्याची पिशवी हातात दिसली की माकडं सोडत नाहीत, त्यामुळे धावताना खायचे एनर्जी जेल-खजूर खिशातच ठेवावे लागतात. सोमवारी पार्क पर्यटकांसाठी बंद असतं. बोरिवली-कांदिवलीत राहत असाल तर बुधवार-गुरुवारच्या चढाच्या रनसाठी याच्यासारखी जागा नाही.

आरेचा रस्ता वेगळा. गोरेगावच्या हायवेपासून आत शिरलं की पवई-मरोळच्या दिशेने तो सारखा वर-खाली होत जातो. एकही चढ मोठा नाही, पण पाय सलग एकाच पद्धतीने पडत नाहीत, आणि पहिल्या तीन महिन्यांत शरीराला नेमकं हेच हवं असतं. चढाला पोटऱ्या आणि पार्श्वभाग काम करतात, उताराला मांड्यांच्या पुढच्या स्नायूंवर ताण येतो. सपाटीवर धावणाऱ्याच्या मांड्या तिसाव्या किलोमीटरनंतर का आखडतात, त्याचं बरंचसं उत्तर या न झालेल्या उताराच्या सरावात असतं. पहाटे तबेल्यांवरून दुधाचे टेम्पो निघालेले असतात, शेणाचा आणि ओल्या वैरणीचा वास नाकात बसतो, आणि वळणावर टेम्पोचा दिवा अंगावर आला की रस्त्याची कड सोडून मातीत उतरावं लागतं. खड्डे आणि स्पीडब्रेकर अंधारात दिसत नाहीत. हेडलॅम्प हवाच.

आणि बिबटे. ही गोष्ट हलक्यात घेण्यासारखी नाही. २०२१ आणि २०२२ मध्ये आरेत बिबट्यांनी माणसांवर हल्ले केले, २०२२ च्या दिवाळीत एका लहान मुलीचा जीव गेला. पाड्यांवरची माणसं रोज हा धोका सांभाळून जगतात, आपण तर दोन तासांचे पाहुणे. तेव्हा एकट्याने जायचं नाही, चार-पाच जणांनी बोलत धावायचं, कानात इअरफोन नकोत, आणि झुंजुमुंजू होईपर्यंत आतल्या फाट्यांवर वळायचं नाही. उभ्या माणसापेक्षा खाली बसलेला, वाकलेला माणूस बिबट्याला सोपं सावज वाटतो, म्हणून बुटाची नाडी निघण्याआधीच दुहेरी गाठ मारून घ्या. सोबत मिळत नसेल तर आरे बाद, मग तो रस्ता कितीही चांगला असो.

ऑक्टोबरपर्यंत आरेच का, याचं आणखी एक कारण सावली. पावसाळा सरताना मुंबईत पहाटे हवेतला दमटपणा दिवसातला सर्वांत जास्त असतो. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही. दहाव्या किलोमीटरला टी-शर्टच्या कडेवरून थेंब गळायला लागतात, पंधराव्याला बुटात पचपच सुरू होते. त्यात सूर्य वर आला की नाडीचे ठोके वाढतात आणि पेस, म्हणजे धावण्याचा वेग, आपोआप घसरतो. झाडाखाली निदान ऊन टळतं. समुद्राकाठी गार वारा मिळेल ही समजूत पहाटेपुरती तरी सोडा: पावसाळा संपल्यावर पहाटेचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तोही मंद. समुद्रावरचा वारा सुटेपर्यंत आपला रन संपून आपण घरी पोचलेलो असतो.

मरीन ड्राइव्हच्या बाजूने बोलायला खूप काही आहे. दिवे आहेत, पोलीस आहेत, पहाटे पाचलाही इतर धावणारे भेटतात. एकटीने धावणाऱ्या मुलीला तिन्हींपैकी मी हीच जागा सुचवेन. लोकल पहाटे चारच्या आसपास सुरू होतात, चर्चगेटला उतरून पाच मिनिटांत तुम्ही समुद्राकाठी. मात्र नरिमन पॉइंट ते चौपाटी हे तीन-साडेतीन किलोमीटर अंतर संपूर्ण सपाट आणि कडक आहे. त्यावरच आठ-नऊ वेळा इकडून तिकडे करणं म्हणजे गुडघ्यांना आणि मनाला दोघांना शिक्षा. पावसाळ्यात भरतीच्या वेळी लाटा कठड्यावरून आत येतात, तेव्हा तिथे जाऊच नये.

म्हणून दक्षिणेला जायचं ते मरीन ड्राइव्हपुरतं नाही. नरिमन पॉइंटहून निघून चौपाटीवरून केम्प्स कॉर्नर, पेडर रोड, हाजी अली, वरळी सी फेस आणि परत, असा रन करा. वीसच्या आसपास होतात; उरलेले मरीन ड्राइव्हवर भरून काढता येतात. सी लिंकवर एरवी पायी जाऊ देत नाहीत, तो भाग स्पर्धेच्या दिवशीच भेटतो. पण पेडर रोड रोज उघडा आहे, आणि या स्पर्धेत अनेकांची गाठ याच चढाशी पडते. परतीच्या वाटेवर, पस्तीसच्या आसपास, हाजी अलीकडून येताना तो लागतो. एरवी गाडीतून जाणवतही नाही. थकलेल्या पायांनी मात्र पावलं छोटी करावी लागतात, नजर चार-पाच पावलांपुढे, हात जरा जोरात, आणि घड्याळातला पेस विसरून श्वास सारखा ठेवावा लागतो. हे स्पर्धेच्या दिवशी सुचत नाही, नोव्हेंबरात पंचविसाव्या किलोमीटरला तिथे पोचून शिकावं लागतं. मार्गात अधूनमधून बदल होतात, तेव्हा त्या वर्षीचा नकाशा पाहूनच सराव आखा.

उन्हाचंही तसंच. फुल पहाटे पाचच्या सुमाराला सुटते. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. पाच तास लागणाऱ्याचा शेवटचा तास-दीड तास उघड्या उन्हात जातो. डिसेंबरातले दोन-तीन लाँग रन मुद्दाम उशिरा, साडेसहाला सुरू करून नऊ-साडेनऊला मरीन ड्राइव्हवर संपवा, सोबत मीठ-साखरेचं पाणी ठेवा. एक खबरदारी: थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार होऊन साचते आणि धूळ-धूर वर जात नाही. हवेचा निर्देशांक वाईट असेल त्या रविवारी हट्ट न करता रन सोमवार-मंगळवारवर टाका.

ठाणे-मुलुंडकरांसाठी आरेच्या जागी येऊरचा चढ, बाकी हिशेब तोच. आणि अंधेरीच्या पुढे राहणाऱ्याला चर्चगेटपर्यंतचा प्रवास रविवारी पहाटे नकोसा वाटत असेल, तर नोव्हेंबर-डिसेंबरमधले सगळे नाही, निदान दोन रविवार पेडर रोडला द्यावेत.